एक पाटलिणीचं, बाकीची माझी

१९ नोव्हेंबर १९३४

मिळाली! बकरी मिळाली! दाव्यासकट आणून अंगणात बांधली आहे, आणि आता तिच्यासमोर बसूनच लिहिते आहे.

सकाळी सासूबाईंबरोबर मालगुजारांच्या घरी गेले. बिसनलालजी मालगुजार, साऱ्या गावाच्या जमिनीचे मालक, बाहेर गेलेले. त्यांची बायको रामकलीबाई पडवीत पान लावत बसलेली. सारा गाव तिला पाटलीण म्हणतो. बोलते अर्धं हिंदी, अर्धं आपलं. मी म्हटलं, एक बकरी बटईनं द्या. चारीन मी, राखीन मी. दोन वेतं झाली की बकरी तुमची तुम्हाला परत, पिल्लं अर्धी-अर्धी. गावात सगळे असंच करतात.

माझा डोळा काळ्या बकरीवर. भरल्या अंगाची, चकचकीत. तर सासूबाई आल्यापासून मुक्या, आणि नेमक्या तेव्हाच बोलल्या! "घ्यायची तं ढवळीच घे." ढवळी म्हणजे कोपऱ्यात उभी असलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पाटलिणीच्या माहेराहून, आमगावहून आणलेली. मुद्दाम बोलल्या! माझं काही चांगलं झालेलं या बाईला पाहवतच नाही. तोंड असं, की शेजारी दूध ठेवलं तर नासेल.

पाटलीण हसायला लागली. "ढवळी? वो तो एकच देती है! खाती है दो का, देती है एक. ले जा. आधा-आधा नहीं, ऐसा कर, एक मेरा, बाकी सब तेरे!" आणि पुन्हा हसली. म्हणजे एकच झालं तर ते तिचं, आणि मी सहा महिने फुकट राबायचं. वर म्हणते कशी, "घाटा हुआ तो एक बकरी का होगा. हमारे मालक तो ऐसे ज्ञानी, गोरेगाव के बाजार से काना बैल उठा लाये और दूसरे दिन घर में देखा कि एक आँख नहीं!"

हत्तीचे दात! दाखवायचे निराळे, खायचे निराळे. पण मी म्हटलं, कबूल. "एक तुमचं, बाकीची माझी." दोनदा म्हटलं.

घरी येताना ढवळी माझ्या पदराला चावत होती. भुकेली आहे बिचारी, वर गाभण.

२२ नोव्हेंबर

सासूबाईंनी वही पकडली! पाठीमागून कधी आल्या कळलंच नाही. "काय लिवून रायली वं?"

तोंडातून निघून गेलं, "पोथी उतरवून घेते. सोमवारच्या व्रताची."

त्यांना अक्षर ओळखता येत नाही म्हणून वाचले. पण पुढचं ऐका तर! वही माझ्या हातातून घेतली, कपाळाला लावली, लाल फडक्यात गुंडाळली आणि देवापाशी ठेवून दिली. वर हळद-कुंकू! आता लिहायचं झालं की हातपाय धुवून देवासमोर बसावं लागतं. आणि लिहायचं काय, तर त्यांच्याच चहाड्या. बाबा शाळेत शिपाई होते म्हणून चौथीपर्यंत शिकले. त्यांना हे कळलं तर हसतील की मारतील, सांगता येत नाही.

३ डिसेंबर

आज लाली आठवली.

लग्नात बाबांनी आंदण म्हणून दिलेली माझी बकरी. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. बाबांच्या घरच्या बकऱ्या म्हणजे गावात नाव! कोणाच्या बकरीला एक होतं, कोणाच्या दोन. आमच्याकडे तीन नेहमीचं. लाली गाभण असतानाच माझ्याबरोबर सासरी आली. पहिल्याच श्रावणात मी माहेरी गेले आणि आठ दिवसांनी परत येते तर खुंटा रिकामा. "बिबट्यानं नेली," एवढंच सासूबाई बोलल्या. जंगल दोन शेतांपलीकडे, रात्री कोठ्याचं दार लावायचं कोणी? यांनीच ना! एक अश्रू नाही की एक शब्द नाही. तीन वर्षं झाली, मी विसरले नाही.

मागच्या महिन्यात भांडण झालं तेव्हा तेच काढलं मी. म्हटलं, या घरात माझं म्हणावं असं एक शेपूट होतं, तेही तुम्ही घालवलं. तर म्हणतात, "तुह्या हातानं एक बकरी करून दाखव. तिच्या दुधाले, पिल्लाले या घरातलं कोनी हात नाई लावनार. मी बी नाई."

दाखवीनच. या घरात भांडी त्यांची, धान्य त्यांचं, चूलसुद्धा त्यांची. एक जीव तरी असा हवा की जो माझा, माझ्या हाकेला ओ देणारा.

६ मार्च १९३५

एकच! एकच झालं मेलं! बोकड. पाटलिणीचा.

८ मार्च

गावाला काम नाही. विहिरीवर बायका विचारतात, "काय वं शामकला, बाकीचे सगळे तुहे, कुठं ठेवले?" आणि हसतात. पाटलिणीनं तर गड्याकरवी निरोप धाडला, पिल्लाला दूध कमी पाडू नको म्हणून. सासूबाईंसमोर निरोप दिला त्यानं. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या, मान वर केली नाही.

चार महिने मी या ढवळीला काय काय घातलं! गाभण आहे म्हणून कोंडा, गाभण आहे म्हणून पळसाचा कोवळा पाला, स्वतःच्या ताटातला भात. आणि शेवटी एकच.

संध्याकाळी धुरपताबुढी आली. गावच्या बकऱ्या चारते, साठ वर्षं त्याच धंद्यात. मी रडत होते. ती म्हणाली, "रडतं कायले? तू चारली, पर उलटी चारली."

म्हटलं, उलटी म्हणजे?

"सगळे असंच करतेत. बकरी गाभन रायली का मंग तिचे लाड. अवं, पोटात किती हायेत थे तं आंधीच ठरून गेलं! मंग तू तिले लाडू चार नाईतं पेढे, एकाचे दोन होतेत का? होत अस्तील तं एकाचाच ढोल्या बोकड होते. माजावर याच्या आंधी चार. वीस-पंचवीस दिस. अंग भरलं पायजे. भुकेल्या बकरीले देव एकच देते, भरल्या बकरीले दोन."

म्हटलं, आजी, हे गावात कोणाला ठाऊक नाही?

"इचारलं कोनी मले?" म्हणाली. खरंच आहे. तिला कोण विचारतं.

मग बोटांवर मोजून सांगितलं तिनं सगळं. पहिलारूला बहुतेक एकच, मग दोन, तेच चालतं जन्मभर. तीन झाली तर मालकिणीनं धुरपताबुढीला लुगडं द्यावं. आणि चार? "चार मी माह्या जन्मात दोनदा पाह्यले. गाव लोटते पाहाले."

१९ मे

पिल्लू पाटलिणीकडे गेलं. ढवळी दोन दिवस ओरडली. मग आटली. हाडं वर आली आहेत.

आता एकच वेत उरलं. एकच डाव.

१४ जून

आजपासून सुरू. धुरपताबुढी म्हणते, ढवळी पंधरा-वीस दिवसांनी माजावर येईल, लक्षणं दिसतात.

सकाळी दोन मुठी कोंडा. दुपारी लाखोळीच्या डाळीची चुनी, म्हणजे चुरा, भिजवून. संध्याकाळी ओंजळभर मोहफुलं. जास्त नाही, बुढीनं बजावलं आहे, बकरीसुद्धा मोहानं झिंगते! कोंडा माझ्या वाटणीचा. चुनी धुरपताबुढीनं दिली. मोहफुलं मात्र... सासूबाईंच्या मडक्यातली आहेत. कोपऱ्यातलं, झाकण घातलेलं. लिहून टाकते. चोरी ती चोरी.

२० जून

मडक्याचा तळ दिसायला लागला. उद्या काय करू? त्यांच्या लक्षात आलं तर घर डोक्यावर घेतील.

२१ जून

गंमतच! मडकं उघडलं तर अर्ध्याच्या वर भरलेलं! यांना विचारलं, तुम्ही भरलं? "मी कायले भरू?" म्हणाले. सासूबाई बाहेर बसून मोठ्यानं कोणाला तरी सांगत होत्या, "घरात उंदरं माजले बाप्पा, मोहफुलं ठेवू नाई देत."

उंदरं म्हणे! बाईला दिसेनासं झालं आहे बहुतेक. बरंच झालं माझं!

६ जुलै

ढवळी माजावर आली. शेपटी हलते, ओरडते, चरत नाही. धुरपताबुढीनं स्वतः नेऊन बोकड दाखवला.

अंग बघा तर आता ढवळीचं! बरगडी शोधावी लागते. पाठीवरून हात फिरवला तर हाताला पाणी लागावं तशी गुळगुळीत.

हे म्हणाले, "बोकड दमदार पायजे होता. बोकडावर असते सगळं." पुरुषांचं आपलं तेच! तर बुढी कडाडली, "तू गप बस जागेश्वर! बियानं त्याचं, पर किती उगवन थे वावराच्या हाती असते." हे जे गप्प झाले ते जेवेपर्यंत. मी आत जाऊन पोट धरून हसले.

३० ऑगस्ट

पोळा झाला. ढवळीचा माज परत आला नाही. म्हणजे गाभण!

१२ ऑक्टोबर

धान निसवतं आहे. चिखलातून डोक्यावर चारा आणते. पाय कुजले. ढवळी रवंथ करत बसते महाराणीसारखी. काल मला बघून उठली, जवळ आली, हात चाटला. हाक मारली की ओ देते. पण ही जायची आहे परत, हे विसरायचं नाही शामकला.

१७ नोव्हेंबर

धुरपताबुढीनं आज ढवळीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून उचलून धरलं आणि डोळे मिटून चाचपलं. माझा जीव टांगणीला! मग म्हणाली, "दोन तं हायेतच."

दोन! म्हणजे एक पाटलिणीचं आणि एक माझं! माझं!

बुढीला म्हटलं, कोणाला बोलू नका. "मी कायले बोलू?" म्हणाली. आणि दिवस मावळायच्या आत विहिरीवर सगळ्यांना ठाऊक.

२१ नोव्हेंबर

पाटलिणीचा गडी आला दोरी घेऊन. "बाईनं बकरी बोलावली. बाळंतपन तिकडं होईन."

मी आडवी आले. म्हटलं, दोन वेतं ठरली आहेत, व्यायल्याशिवाय ढवळी इथून हलत नाही. तर म्हणतो, "बाई म्हनते, एक तुहं अन् बाकीचे तिचे, असं ठरलं होतं."

उलटं! सरळ उलटं केलं! अंगाची आग आग झाली. मागच्या वेळी एक झालं तेव्हा ते तुझं होतं ना ग? तेव्हा बरं आठवलं! आता पोट मोठं दिसलं तर जीभ फिरली?

गड्याच्या हातातली दोरी मी घेतली आणि विहिरीत टाकली. नंतर हे म्हणाले, "मालगुजाराशी वाकडं घेऊन जमन काय? त्याहीच्याच जमिनीवर आपन राह्यतो." बरोबर आहे त्यांचं. पण दोरी टाकली ती टाकली.

परवा मालगुजारांच्या पडवीत निवाडा आहे. साक्षीला कोण? सासूबाई होत्या तिथं. पण त्या माझ्या बाजूनं तोंड उघडतील? झोप येत नाही.

२३ नोव्हेंबर

कुठून सुरू करू!

पडवी भरलेली. वर बिसनलालजी बसलेले, बाजूला गावातले दहा-बारा लोक. पाटलीण उंबऱ्यात, पदर डोक्यावरून. हे खाली हात जोडून उभे. धुरपताबुढी अंगणात ढवळीची दोरी धरून.

पाटलीण म्हणाली, एक हिचा, बाकी आमचे. मी म्हटलं, एक यांचा, बाकीची माझी. ती म्हणाली, इतका मूर्ख सौदा कोणी करेल का? लोक माना हलवायला लागले. खरंच, कोण करेल? मालगुजार म्हणाले, "कोई गवाह है?"

आणि सासूबाई उठल्या. मला वाटलं, संपलं.

"मी होती तिथं. पर मी तिची सासू, माही गोठ कोनी खरी मानन नाई. माही सून पोथीवर हात ठेवून सांगन. तिनं सोताच्या हातानं पोथी उतरवली हाय, सालभर. मी आनतो."

"नको, नको" म्हणेपर्यंत बाई गेल्यासुद्धा. आल्या त्या अनवाणी, लाल फडक्यातली वही डोक्यावर घेऊन. लोक बाजूला सरले. मालगुजारांनी जोडे काढले, उठून उभे राहिले, आणि वहीला नमस्कार केला. माझ्या वहीला! मागून सगळ्या पडवीनं केला. पाटलिणीनंसुद्धा पदर धरून डोकं टेकवलं.

शपथ काय, मी डोळे मिटून घेतलीच असती, खरंच बोलत होते मी. पण मालगुजार पडले देवभोळे. म्हणाले, "कसम बाद में. पहले एक अध्याय पढ़ बेटी, सब सुनें. पुण्य मिलेगा."

सगळे मांडी घालून बसले. हात जोडून!

एक क्षण वाटलं, तोंडपाठ काहीतरी म्हणून मोकळी होऊ. येतात चार ओव्या. पण ढवळी अंगणात उभी, पोट हे एवढं. सारं खरं याच वहीत लिहिलेलं, आणि मी ते सोडून खोटी पोथी म्हणू? म्हटलं, होऊन जाऊ दे. अध्याय तर अध्याय!

वही उघडली. मोठ्यानं वाचलं. "एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे चौतीस. मिळाली! बकरी मिळाली!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारे म्हणाले, "कोनत्या देवाची हाय जी हे?" मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. बटई वाचली, काळी बकरी वाचली. "एक मेरा, बाकी सब तेरे" वाचलं, पाटलिणीच्या हेलातच, तोच हेल तोंडात आला त्याला मी काय करू! पाटलीण ओरडली, "झूठ! आज बैठ के लिखा है इसने!"

आणि पुढची ओळ होती बैलाची. लक्षात आलं, पण जीभ पुढे निघून गेली होती. "हमारे मालक तो ऐसे ज्ञानी, गोरेगाव के बाजार से काना बैल उठा लाये और दूसरे दिन घर में देखा..."

सगळ्या माना मालगुजारांकडे वळल्या.

मालगुजार लाल झाले. हळूच वळून बायकोला म्हणाले, "काना बैल? वो तो मैंने दूसरे ही दिन अँधेरे में तिरोड़ा भेज के बिकवा दिया था. नौकर को भी नहीं बताया. घर में सिर्फ तुझे मालूम था." पाटलिणीनं पदर असा खाली ओढला की तोंडच दिसेना. मालगुजार म्हणाले, "तो इस लड़की को क्या सपना पड़ा?"

मागून कोणीतरी फुसकन हसलं. मग मालगुजारच हसले. हसता हसता ठसका लागला, पाणी आणावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "बैल लिखा है तो बकरी भी सच लिखी है. एक हमारा, बाकी सब इसके. बकरी वहीं जनेगी. और कोई इसके सामने बोले तो सँभल के बोले, ये सब उतार लेती है!"

जिंकले! जिंकले ग बाई! धुरपताबुढीनं अंगणातूनच आरोळी ठोकली. यांनी तर, यांनी माझ्याकडे असं पाहिलं, सगळ्यांदेखत, की मीच लाजले.

मी वही मिटायला गेले. तर सासूबाईंचा आवाज, "पूर्ण वाच. अध्याय अर्धा नाई सोडत."

म्हटलं, पुढं काही नाही. "हाय. मंघाशी मधातलं काही गिळलं तू. मले समजते."

काय करणार? वाचलं. मान खाली घालून, "तोंड असं, की शेजारी दूध ठेवलं तर नासेल." पडवी फुटली हसून. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. फडकं उचललं, घडी केली, आणि पुढे चालायला लागल्या.

दारात आल्यावर विचारलं, "माह्यावर किती पानं हायेत?"

म्हटलं, "...बरीच."

२४ नोव्हेंबर

सासूबाई बोलत नाहीत. वही देवापाशीच ठेवली आहे, पण हळद-कुंकू नाही. गाव माझ्याकडे बघून हसतं आहे, पण आता निराळं. विहिरीवर बायकांनी मला आधी पाणी भरू दिलं.

आणि तरी आनंद पुरता होत नाही. त्यांनी माझी बाजू घेतली होती. मी त्यांना काय दिलं त्याबदली?

४ डिसेंबर

चार!

चार, चार, चार!

सकाळी न्याहारीच्या वेळेला ढवळी पाय घासायला लागली. धुरपताबुढीला बोलावणं धाडलं. ऊन अंगणात आलं होतं. पहिला बोकड, काळा-पांढरा, पडता पडताच ओरडला. मग पाठ, मादी पिल्लू, ढवळीसारखीच पांढरी. मी नाचायला लागले, दोन झाली, एक माझी! बुढी म्हणाली, "थांब, नाचू नको, अजून हाय." तिसरं पिल्लू, बोकड. तिसरं! मी खाली बसले. हे बाहेरून विचारत होते, काय झालं, काय झालं. बुढी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "माहं लुगडं!"

मग तिनं ढवळीच्या पोटाला हात लावला आणि डोळे मोठे केले. "अव माय..."

चौथं पिल्लू, पाठ. एवढीशी. ओंजळीत मावेल अशी. श्वास घेईना. बुढीनं तिला मागच्या पायांनी धरून झुलवलं, नाकातलं ओढून काढलं, तोंडात फुंकलं. काही नाही. मग मागून दोन हात आले आणि पिल्लू घेतलं. सासूबाई! पदरात गुंडाळून, कोरड्या फडक्यानं अशी घासली, अशी घासली की मला वाटलं कातडी निघेल. आणि ते शिंकलं!

ओलं अंग वाळलं तेव्हा रंग दिसला. तांबडी. कपाळावर पांढरा टिळा. अगदी माझ्या लालीसारखी! मी "लाली!" म्हटलं तर सासूबाई झटकन उठून आत गेल्या.

५ डिसेंबर

गाव लोटलं! बुढी म्हणाली होती तसंच. पलीकडच्या गावचे लोक बैलगाडी जुंपून आले. सगळे विचारतात, काय चारलं, काय चारलं? मी म्हणते, धुरपताआजीला विचारा. बुढी अंगणात खाटेवर बसून सांगते आहे, माजाच्या आधी चारा, नंतर नाही, आणि मोठमोठे कास्तकार खाली बसून ऐकत आहेत. साठ वर्षांत पहिल्यांदा!

सड दोन आणि तोंडं चार. पाळी लावली आहे. लालीला ओढता येत नाही, तिला सासूबाई कापसाची वात दुधात बुडवून चोखवतात. "हात नाही लावणार" म्हणाल्या होत्या!

२० डिसेंबर

पाटलीण स्वतः आली, आपलं एक निवडायला. निवडलेल्याच्या गळ्यात काळा दोरा बांधायचा, दूध सुटलं की घेऊन जायचं. सगळी उलटीपालटी करून पाहिली. माझा जीव लालीत अडकलेला. तिनं मोठा काळा-पांढरा बोकड धरला, दोरा बांधला. मी श्वास सोडला.

जाताना म्हणाली, "मेरा नाम भी लिखती है क्या उसमें?" म्हटलं, हो. म्हणाली, "तो लिख, रामकली ने अपनी जुबान रखी." लिहिलं. पण बाई, विहिरीतली दोरी कोणी काढायची, तेही सांगून जायचं!

तीन माझी. दोन पाठी, एक बोकड. तीन!

१५ जानेवारी १९३६

काल संक्रांतीला सासूबाईंनी तीळगूळ दिला. आज दुपारी वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. लाली त्यांच्या मांडीत. "लिव," म्हणाल्या, "मी सांगतो तसं लिव."

"तुही लाली बिबट्यानं नाई नेली. पाटलिनीनं पसंत केली, माहेरी धाडाले मांगितली. वावर त्याहीचं, नाई म्हनता नाई आलं. तू माहेरी होती. मीच दोरी धरून तिच्या दारात बांधून आली. तुले काय तोंड दाखवू, म्हनून बिबट सांगितला. आमगावले ती जनली, तिची पोरगी ढवळी. रंग ढवळा, टिळा बी नाई, तू ओळखली नाई. आमगावहून आली म्हनून मी ओळखली. म्हनून म्हनलं होतं, घ्यायची तं ढवळीच घे. मोहफुलं बी मीच भरत होती. उंदरं नाई."

लिहून झालं. "वाच," म्हणाल्या. वाचलं. मग उठल्या, आणि वहीला हळद-कुंकू लावलं.